चौघं आहेत, बॉस नाही!

दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. कंडक्टर नाही, गायक नाही, तबला तर नाहीच. विकेंडची एक अख्खी संध्याकाळ यात का घालवायची? एका स्ट्रिंग क्वार्टेटची ही गोष्ट... थोडी हसवणारी, बरीचशी अस्वस्थ करणारी.

कॉर्पोरेट ट्रेनिंगच्या एखाद्या तरी सेशनमध्ये तुम्ही ती स्लाइड पाहिलेली असणार. काळ्या कपड्यांतली चार माणसं, हातात व्हायोलिन वगैरे, आणि खाली ठळक अक्षरांत ‘टीमवर्क’. ट्रेनर हसतमुखाने सांगतो, बघा, चौघं कसे एका सुरात वाजवतात! आपण माना डोलावतो आणि चहाच्या ब्रेकची वाट बघतो.

गंमत म्हणजे ते चौघं एका सुरात वाजवतच नाहीत. प्रत्येकापुढे वेगळी ओळ. एकाचं म्हणणं दुसरा मध्येच तोडतो, तिसरा त्यावर कुरकुरतो, चौथा बराच वेळ गप्प बसतो आणि मग एकच वाक्य असं टाकतो की बाकीच्यांची बोलती बंद. हे टीमवर्क असेल तर आमच्या सोमवारच्या मीटिंगलाही टीमवर्क म्हणायला हरकत नाही. फरक एवढाच, की इथे कोणाला ‘हे आपण ऑफलाइन बोलू’ असं म्हणून सुटता येत नाही.

मॅनेजमेंटवाल्यांनी या प्रकाराचा खरंच अभ्यास केलाय. कीथ मर्निगन आणि डोनाल्ड कॉनलन या दोघांनी ब्रिटनमधली २० व्यावसायिक क्वार्टेट्स, म्हणजे ८० वादक, तपासली आणि १९९१ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. काय दिसलं? फर्स्ट व्हायोलिन हा पुढारी असतो, पण चौघांचं मत सारखं मोलाचं अशीही सगळ्यांची अपेक्षा असते. सेकंड व्हायोलिनवाल्याला जवळजवळ फर्स्टइतकंच वाजवता यावं लागतं, पण टाळ्यांतला मोठा वाटा शेजारच्या खुर्चीला जातो. आणि मतभेद झाले तर लावून धरायचे की सोडून द्यायचे, याचं उत्तर कोणाकडेच नसतं. चांगली चाललेली क्वार्टेट्स हे प्रश्न चर्चा करून सोडवत बसत नव्हती. प्रश्न तसेच ठेवून ती वाजवत राहत होती. रिहर्सलमध्ये बोलणं कमी, वाजवणं जास्त! हे मात्र त्या स्लाइडवर कधी येत नाही.

तर मुद्दा असा, की एका शनिवारी संध्याकाळी मी अशा चौघांना ऐकायला गेले. दक्षिण मुंबईतलं छोटं सभागृह, युरोपातून आलेला ग्रुप. त्यांची नावं देत नाही, कारण हा काही रिव्ह्यू नाही. मला बोलायचंय ते त्यांनी एका संध्याकाळीत काय काय शेजारी-शेजारी ठेवलं त्याबद्दल. पहिली रचना १७८१ ची, दुसरी १९६० ची, तिसरी १९८८ ची. जुनं आणि नवं एका ताटात. अशा प्रोग्रामचं नाव काढलं की लोक दोन प्रकारे नाकं मुरडतात. जुन्याचे भक्त म्हणतात, ते नवीन कर्कश कशाला? आणि आपल्या वयाचे म्हणतात, ते जुनं झोप आणणारं कशाला? दोघांचंही चुकतंय, पण ते पुढे येईलच.

बरोबर आमच्या ऑफिसमधला एक मित्र होता. मूळचा मिरजेचा. म्हणजे तानपुरे जिथे बनतात त्या गावचा. लहानपणी हार्मोनियम शिकलेला, हल्ली फक्त एक्सेल वाजवतो. ‘पाश्चात्त्य क्लासिकल’ म्हटल्यावर त्याने आधी विचारलं, “अगं, किती वेळ आहे? शेवटची कर्जत मिळेल ना?” त्याचं उत्तर ‘हो’ निघालं म्हणून तो आला.

खोलीतलं बोलणं

या संगीताला चेंबर म्युझिक म्हणतात. चेंबर म्हणजे खोली. राजवाड्यातली असो की वाड्यातली, पण खोली. आपल्याकडे जशी बैठक. हजार माणसांसाठी हे नव्हतंच. घरी जमायचं, चौघांनी वाजवायचं, आणि ऐकायला बसलेल्यांनी जणू दुसऱ्यांचं बोलणं कान देऊन ऐकायचं. जर्मन कवी गटे याने १८२९ मध्ये एका पत्रात क्वार्टेटची तुलना चार शहाण्या माणसांच्या गप्पांशी केली होती, आणि ती उपमा आजपर्यंत कोणाला टाळता आलेली नाही. मलाही नाही.

पण त्या खोलीत कोण कोण बसून गेलंय बघा. १७८४ च्या सुमाराला व्हिएन्नात एका घरगुती पार्टीत क्वार्टेट वाजलं. फर्स्ट व्हायोलिन हायडन. सेकंडला दितर्सदोर्फ, चेलोवर वानहाल, हे दोघं त्या काळचे नावाजलेले संगीतकार. आणि व्हायोलावर कोण? मोझार्ट! मायकेल केली नावाचा आयरिश गायक तिथे हजर होता, त्याने पुढे आठवणींत लिहून ठेवलंय. चौघांपैकी एकही वाजवण्यात अव्वल नव्हता, असंही त्याचं प्रामाणिक मत. तरीही त्या पार्टीला मी माझा वर्षाचा बोनस दिला असता.

व्हायोला म्हणजे काय, हा प्रश्न हमखास येतो म्हणून सांगून टाकते. दिसायला व्हायोलिनसारखंच, जरा मोठं, आवाज खालच्या पट्टीतला आणि थोडा घोगरा. चेलो पायांमध्ये धरून वाजवतात, तो त्याहून खाली. चौघं अर्धवर्तुळात बसतात, म्हणजे एकमेकांचे डोळे दिसतील असे. सुरुवात करायला काठी हलवणारं कोणी नसतं. मग? फर्स्ट व्हायोलिनवाली नाकाने जोरात श्वास घेते. एवढंच! छोट्या हॉलमध्ये तो श्वास तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू येतो आणि पुढच्या क्षणाला चारही गज तारांवर असतात. सीडीवर हे कळत नाही. हल्ली नोटेशनच्या कागदांऐवजी स्टँडवर टॅब्लेट असतात आणि पान पायाखालच्या पेडलने उलटतं, त्यामुळे चौघं अधूनमधून पाय आपटताना दिसतात. सुरुवातीला मित्राला वाटलं, ताल धरतायत.

नोकरदार माणसाचा जोक

पहिली रचना जोसेफ हायडनची. ओपस ३३, नंबर २. टोपणनाव ‘द जोक’.

हायडन हा आपल्यातला माणूस. म्हणजे नोकरदार. एस्टरहाझी नावाच्या बड्या सरदार घराण्याकडे तो कामाला होता. गणवेश घालायचा, सकाळी हजर व्हायचं, साहेबांना आज कोणतं संगीत हवंय ते विचारायचं. १७६१ च्या त्याच्या करारात स्पष्ट कलम होतं: तो जे काही लिहील ते मालकाचं, आणि परवानगीशिवाय बाहेरच्या कोणासाठी लिहायचं नाही. ऑफर लेटरमध्ये आपण न वाचता सही करतो ना, अगदी तीच भाषा! १७७९ मध्ये नवीन करार झाला आणि त्यातून ही अट गेली. म्हणजे आता नोकरी सांभाळून स्वतःचं काम विकता येणार होतं. दोनच वर्षांत त्याने सहा क्वार्टेट्सचा संच लिहिला आणि संभाव्य गिऱ्हाइकांना पत्रं पाठवली. पत्रात जाहिरातही चोख: हे अगदी नव्या, खास पद्धतीने लिहिलंय. जवळजवळ दहा वर्षं त्याने क्वार्टेट लिहिलं नव्हतं. ज्याला आपण ‘जुनं’ म्हणून नाक मुरडतो, तो माल ‘नवीन’ म्हणूनच बाजारात आला होता.

त्यातल्या दुसऱ्या क्वार्टेटचा शेवट असा. एक उड्या मारणारी, लाडिक धून पुन्हा पुन्हा येते. मग अचानक सगळं थांबतं, थोडं गंभीर काहीतरी येतं. आता संपणार! मग ती धून परत येते, पण तुकड्या-तुकड्यांत. एक तुकडा... थांबा. दुसरा तुकडा... थांबा. तिसरा. चौथा. झालं, धून पुरी झाली, म्हणजे संपलं. लोक टाळ्या वाजवतात. आणि बऱ्याच मोठ्या शांततेनंतर पहिला तुकडा पुन्हा, अगदी हळू आवाजात, जणू काही कोणीतरी दार लावून गेल्यावर परत डोकावून बघतंय. आणि तिथेच खलास. शेवट म्हणून जे वाजलं ते खरं तर सुरुवातीचं वाक्य!

आमच्या हॉलमध्ये दोनदा टाळ्या पडल्या, दोन्ही वेळा चुकीच्या जागी, आणि दुसऱ्या वेळी चेलोवाल्याला हसू आवरेना. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी मागे वळून रागाने बघितलं. बाई, रागावू नका. अडीचशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला अगदी हेच हवं होतं. टाळ्या केव्हा वाजवायच्या हे कळू न देणं, हाच तर जोक. ही टाळ्यांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

रे, कोमल ग, सा, नी

हायडन ते पुढची रचना यात जवळजवळ १८० वर्षांची उडी. मध्ये बीथोवन येऊन गेला, आणि त्याला वगळून पुढे जाणं म्हणजे सचिनला वगळून क्रिकेटवर बोलणं. पूर्ण बहिरा झाल्यावर, आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्याने मुख्यतः क्वार्टेट्सच लिहिली. त्यातल्या एकाचा शेवट १८२६ च्या पहिल्या प्रयोगात इतका डोक्यावरून गेला की प्रकाशकाच्या आग्रहाखातर त्याने दुसरा, सोपा शेवट लिहून दिला. त्याच क्वार्टेटमधला एक संथ भाग १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर सोनेरी तबकडीत बसून अवकाशात गेला. तबकडीवरची ती अगदी शेवटची रचना. तिच्या दोनच जागा आधी कोण आहे माहितीये? आपल्या केसरबाई केरकर! गोव्यातल्या केरीच्या. त्यांची भैरवी. म्हणजे सूर्यमालेच्या बाहेर निघालेल्या त्या मैफलीत केसरबाई आणि बीथोवनचं क्वार्टेट यांच्यामध्ये फक्त एक अमेरिकन ब्लूज गायक बसलाय. हा प्रोग्राम कोणी आखला असता तर ‘कॉम्बिनेशन जमत नाही’ म्हणून स्पॉन्सर पळाला असता.

असो. दुसरी रचना दिमित्री शोस्ताकोविचची. आठवं क्वार्टेट.

शोस्ताकोविचचा बॉस म्हणजे सोव्हिएत सरकार. १९३६ मध्ये त्याच्या ऑपेराला सरकारी वृत्तपत्राने झोडपलं, स्टालिन तो ऑपेरा बघून गेल्यानंतर. १९४८ मध्ये पुन्हा जाहीर कानउघाडणी. त्या काळात तिथे कानउघाडणीचा अर्थ अप्रेझल खराब होणं एवढाच नव्हता, माणसं गायब व्हायची. सिम्फनी म्हणजे जाहीर सभा, तिच्यावर सगळ्यांचे डोळे. क्वार्टेट म्हणजे खोलीतलं बोलणं, त्याकडे लक्ष जरा कमी. त्याने दोन्ही प्रकार पंधरा-पंधरा लिहिले, पण तरी जपून. १९४९ मध्ये लिहिलेलं चौथं क्वार्टेट स्टालिन मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, त्याने बाहेरच काढलं नाही.

१९६० मध्ये त्याच्यावर कम्युनिस्ट पक्षात सामील होण्यासाठी दबाव आला आणि इतकी वर्षं टाळलेली गोष्ट त्याला करावी लागली. त्याच जुलैमध्ये तो पूर्व जर्मनीत ड्रेस्डेनजवळ गेला. काम होतं एका युद्धपटाला संगीत देण्याचं. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकीने बेचिराख झालेलं ते शहर. सिनेमाचं काम बाजूला राहिलं आणि १२ ते १४ जुलै या तीन दिवसांत हे क्वार्टेट लिहून झालं. वर अर्पणपत्रिका: फॅसिझम आणि युद्धाच्या बळींच्या स्मृतीस. सरकारला आवडेल अशीच. पण मित्राला, आयझॅक ग्लिकमनला, लिहिलेल्या पत्रात त्याने वेगळंच सांगितलंय. मी मेल्यावर माझ्या आठवणीत कोणी काही लिहील असं वाटत नाही, म्हणून मीच लिहून ठेवलं, अशा अर्थाचं.

मग ते संगीतात कुठे दिसतं? इथे माझ्या मिरजकर मित्राने कमाल केली. चेलो एकटाच सुरू होतो. चार सूर. मग तेच चार सूर व्हायोला, मग सेकंड, मग फर्स्ट. थोड्या वेळाने पुन्हा तेच. कधी कुजबुजत, कधी किंचाळत. मित्र माझ्या कानाशी आला.

“अगं, हा सारखं तेच म्हणतोय.”

“काय?”

“रे, कोमल ग, सा, खालचा नी. पांढरी एकचा सा धर.”

बरोबर! पाश्चात्त्य भाषेत डी, ई-फ्लॅट, सी, बी. जर्मन पद्धतीत ई-फ्लॅटला ‘एस’ म्हणतात आणि बी ला ‘एच’. म्हणजे झालं डी-एस-सी-एच. दिमित्री शोस्ताकोविच हे नाव जर्मन वळणाने लिहिलं तर त्याची आद्याक्षरं. अख्ख्या वीस-बावीस मिनिटांत हा माणूस आपली सही करत सुटलाय. कव्हरवर सगळ्या बळींची नावं आणि आत, पानापानावर, स्वतःचं. त्यात त्याच्याच जुन्या रचनांचे तुकडे मध्ये-मध्ये येतात: पहिली सिम्फनी, चेलो कन्चेर्टो, आणि ज्याच्यावरून मार बसला तो ऑपेराही.

पाचही भाग न थांबता वाजतात, त्यामुळे चुकीच्या टाळ्यांना जागाच नाही. चौथ्या भागात एक स्वर लांबलचक ताणून धरलेला असतो आणि त्यावर तीन आघात. ठक्, ठक्, ठक्. काहींना त्यात बॉम्ब ऐकू येतात, काहींना रात्री दारावर पडलेली पोलिसांची थाप. चौघंही गज तारांवर अक्षरशः आपटत होते. हायडनच्या वेळी हसणारा चेलोवाला आता ओळखू येत नव्हता. आणि मला एकदम जाणवलं की या दोन रचनांचं नातं ‘जुनं आणि आधुनिक’ असं नाहीच. मालकाच्या घरात राहून स्वतःचं बोलायची सोय, ती दोघांनाही इथेच सापडली. एकाला जोक करायचा होता, दुसऱ्याला सही.

शेवटी सूर विझत जातात. चौघांनी गज खाली घेतले तरी काही सेकंद कोणी हललं नाही. मग कोणाचा तरी मोबाइल वाजला. रिंगटोन ‘फर एलिझ’ होती. बीथोवन कसाही आपली हजेरी लावतोच.

इंटरव्हल आणि सेकंड फिडल

इंटरव्हलमध्ये कॉफी घेताना आजूबाजूला बघितलं. चाळिशीच्या आतली माणसं मोजकी, बाकी मोत्यांच्या माळा आणि काठ्या. पण या शहरात हे संगीत काही कालपरवा आलेलं नाही. मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, पुढे बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेटही. झुबिन मेहतांचे हे वडील. म्हणजे झुबिन यांच्या घरात लहानपणी रिहर्सलचे आवाज असणारच. मेहली नंतर परदेशात गेले आणि फिलाडेल्फियाच्या कर्टिस क्वार्टेटमध्ये काही वर्षं वाजवत होते. खुर्ची कोणती? सेकंड व्हायोलिन! ऑर्केस्ट्रा स्थापन केलेला माणूस शेजाऱ्याच्या आधाराला बसला. ‘सेकंड फिडल’ हा शब्द आपण ऑफिसात किती तुच्छतेने वापरतो.

खरं तर हा सेकंड व्हायोलिनचा आवाज ऐकायला शिकलं तर क्वार्टेटची मजा दुप्पट होते. फर्स्टची धून कोणालाही ऐकू येते. सेकंड बऱ्याचदा आतली भरणी करत असते: छोटे, धावरे, पुन्हा पुन्हा येणारे सूर. ते काढून टाकले तर वरची धून लगेच उघडी पडेल. अमेरिकेच्या इमर्सन क्वार्टेटने यावर सरळ उपाय काढला होता. त्यांचे दोन व्हायोलिनवाले खुर्च्या बदलत राहायचे, आज तू फर्स्ट, उद्या मी. १९७६ ते २०२३, चांगली ४७ वर्षं त्यांनी संसार केला. किती लग्नं टिकतात एवढी?

आणि ज्यांना हे सगळं फार गोरं-गोरं वाटतंय त्यांच्यासाठी: सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रोनोस क्वार्टेटने २००५ मध्ये आशा भोसले यांच्याबरोबर आर. डी. बर्मनच्या गाण्यांचा अख्खा अल्बम काढला, तबल्यावर झाकीर हुसेन. पंचमचं कॅबरे क्वार्टेटवर! क्रोनोसची सुरुवात १९७३ ची. डेव्हिड हॅरिंग्टन नावाच्या तरुणाने जॉर्ज क्रम या संगीतकाराची व्हिएतनाम युद्धाच्या सावलीत लिहिलेली रचना रेडिओवर ऐकली. त्यात वाद्यांना वीज जोडलेली, वादक ओरडतात, पाण्याने भरलेल्या काचेच्या ग्लासांवर गज फिरवतात. ते ऐकून त्याने ठरवलं, असलं वाजवायला ग्रुपच काढायचा. काढला. तेव्हापासून त्यांनी हजाराहून जास्त नव्या रचना लिहून घेतल्या आहेत. आमच्या प्रोग्राममधली तिसरी रचना त्यांच्याचसाठी लिहिलेली.

वेगळ्या गाड्या

इंटरव्हलनंतर स्टेजवर स्पीकर आले, वाद्यांपुढे माइक आले. ‘आता डीजे!’ मागून कोणीतरी म्हणालं.

स्टीव्ह रीशची ‘डिफरंट ट्रेन्स’, १९८८. रीश १९३६ मध्ये न्यूयॉर्कला जन्मला. आई-वडील वेगळे झाले. वडील न्यूयॉर्कला, आई लॉस एंजेलिसला. मुलगा दोघांच्या वाट्याला, त्यामुळे १९३९ ते १९४२ या काळात हा चिमुरडा सांभाळणाऱ्या बाईंबरोबर ट्रेनने अमेरिका आरपार करत होता. दिवसच्या दिवस. लहान मुलाला आगगाडी म्हणजे मजाच. पुढे मोठेपणी त्याच्या लक्षात आलं: मी ज्यू. याच वर्षांत मी युरोपात असतो, तर मला वेगळ्याच गाड्यांमध्ये चढवलं असतं.

त्याने काय केलं? त्या सांभाळणाऱ्या बाईंना, तेव्हा त्या सत्तरीत होत्या, त्या प्रवासांबद्दल बोलतं केलं आणि टेप केलं. त्या मार्गावर आयुष्य काढलेल्या एका निवृत्त रेल्वे पोर्टरचा आवाज टेप केला. छळछावण्यांतून वाचलेल्या आणि नंतर अमेरिकेत आलेल्या तिघांच्या मुलाखतींची रेकॉर्डिंग्ज मिळवली. आणि त्यांच्या बोलण्यातले छोटे-छोटे तुकडे कापले.

आता हे नीट समजून घ्या, कारण युक्ती इथे आहे. आपण बोलतो तेव्हा नकळत सूर लावतो. लोकलमधली ती बाई आठवा. ‘पुढील स्टेशन...’ म्हणताना तिचा आवाज किंचित वर जातो आणि स्टेशनचं नाव घेताना खाली बसतो. डोळे मिटून गुणगुणून बघा, चाल आहे त्याला! रीशने प्रत्येक तुकड्याची अशी चाल लिहून काढली. बाईंचा आवाज आला की व्हायोला तीच चाल वाजवतो, पुरुषाचा आला की चेलो. आधी वाद्य, मग आवाज, मग दोघं एकत्र. सोबत स्टेजवरच्या चौघांबरोबर टेपवर आधीच वाजवून ठेवलेले आणखी चौकडीचे थर, ते धडधड धडधड करत गाडी पळवतात. शिट्या खऱ्याखुऱ्या. पहिल्या भागात अमेरिकन इंजिनांच्या लांब, गोडसर. दुसऱ्या भागात युरोपातल्या, तीक्ष्ण, आणि त्यांच्यात मिसळलेले भोंगे.

पहिला भाग चालू असताना मित्राचा पाय हलत होता. साहजिक आहे, रोज तीन तास लोकलमध्ये काढणाऱ्याला तो ठेका अंगात भिनलेला असतो. दुसरा भाग सुरू झाला आणि काही वेळाने मी बघितलं तर पाय थांबला होता. ठेका तोच होता. गाडी फक्त दुसरीकडे चालली होती. वाद्यांनी दुःखी राग वगैरे काही आळवला नाही, कोणी रडवायचा प्रयत्न केला नाही. म्हातारी माणसं साध्या आवाजात वर्षं सांगतात, गावांची नावं सांगतात, आणि व्हायोला त्यांच्यामागून तेच सूर म्हणतो. एखाद्याचं बोलणं इतक्या लक्ष देऊन, सुरासुरात, कोणी ऐकलंय हे मी दुसरीकडे कुठे अनुभवलं नाही.

तिसरा भाग युद्धानंतरचा. अमेरिकन गाड्या परत येतात, पण आता त्या आधीसारख्या ऐकू येत नाहीत. आणि अगदी शेवटी वाचलेल्यांपैकी एक बाई एक आठवण सांगते. छावणीत एक मुलगी होती, गोड गळ्याची. जर्मनांना तिचं गाणं ऐकायला आवडायचं. ती थांबली की ते आणखी गा म्हणायचे. आणि टाळ्या वाजवायचे.

रचना तिथे संपते. आणि आता हॉलभर बसलेल्या आम्ही काय करायचं?

दीड तासापूर्वी हायडनने टाळ्यांवरून आम्हाला बनवलं होतं. तेव्हा हात आपोआप जुळले होते. आता ते मांडीवरून उचलेनात. टाळ्या अखेर पडल्या, वादकांनी जीव ओतला होता, त्यांचा तो हक्क होता. पण पहिली टाळी कोणी वाजवायची, यासाठी सगळा हॉल शेजाऱ्याकडे बघत होता. हायडन आधी ऐकला नसता तर ती शांतता अशी टोचली असती का? मला नाही वाटत. आणि रीश नंतर ऐकला नसता तर हायडनचा जोक फक्त जोकच राहिला असता. एखाद्या प्रोग्राममध्ये जुनं-नवं मिसळण्याचं यापेक्षा चांगलं कारण मला तरी ठाऊक नाही. ‘तरुणांना आकर्षित करण्यासाठी’ हे तर मुळीच नाही.

वादकांनी वाकून नमस्कार केला, एकदाच, आणि आत गेले. एन्कोअर नाही. त्यांना ते कळत असणार.

बाहेर पडल्यावर मित्र बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “ते रे-ग-सा-नी डोक्यातून जात नाहीये.” कर्जत त्याला मिळाली. आठवड्याभराने त्याने गावाहून हार्मोनियम मागवल्याची बातमी ऑफिसात पसरली. ती आता त्याच्या बदलापूरच्या फ्लॅटमध्ये आहे, खालच्या मजल्यावरच्यांची तक्रार अजून आलेली नाही.

पहिल्यांदा जाताय?

काय घालायचं, हा मुलींचा पहिला प्रश्न. जीन्स चालते, कुर्ता चालतो, खुळखुळणाऱ्या बांगड्या मात्र नकोत. इतक्या शांत हॉलमध्ये त्या पाचवं वाद्य होतात. टाळ्यांचं साधं गणित: एका रचनेत बहुधा चार भाग असतात आणि मधल्या थांब्यांवर हल्ली टाळ्या वाजवत नाहीत. खात्री नसेल तर वादकांचे गज बघा. ते हवेत असतील तर थांबा, मांडीवर आले की वाजवा. पुढच्या रांगा मिळाल्या तर उत्तम, चौघांचे डोळे दिसले पाहिजेत. नरिमन पॉइंटला एनसीपीएत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून आहे. तिथल्या प्रोग्रामवर नजर ठेवली तर मोठ्या कॉन्सर्ट्सच्या आजूबाजूला चेंबर म्युझिकही सापडतं.

आणि एवढंही जमत नसेल तर तिन्ही रचना नेटवर आहेत. हायडनचा तो शेवटचा भाग साधारण तीन-चार मिनिटांचा, लंच ब्रेकमध्ये उरकेल. शोस्ताकोविच रात्री, दिवे कमी करून, पण झोपायच्या लगेच आधी नको. ‘डिफरंट ट्रेन्स’ २७ मिनिटांची आहे. बांद्र्याला स्लो लोकलमध्ये बसून इयरफोन लावले तर चर्चगेट येईपर्यंत होते.